बचत कोणाची, हिशेब कोणाचा?

दरवर्षी १४ डिसेंबरला राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन साजरा केला जातो. राजधानीत समारंभ होतो, कारखान्यांना व आस्थापनांना पारितोषिके वाटली जातात आणि बचतीचे आकडे जाहीर होतात. इतके अब्ज युनिट वाचले, इतके हजार कोटी रुपये वाचले, इतके कोटी टन कार्बन डायऑक्साइड हवेत जाण्याचा थांबला. भांडवलदारी वृत्तपत्रे हे आकडे जसेच्या तसे छापतात. परंतु वाचलेली वीज वापरलेल्या विजेसारखी मीटरवर दिसत नाही. योजना नसती तर किती वीज लागली असती, या अनुमानातून प्रत्यक्ष वापर वजा केला म्हणजे जे उरते त्याला बचत म्हणतात. हे अनुमान कोण करतो, कशाच्या आधारे करतो आणि त्यातून कोणाच्या पदरात काय पडते, हा प्रश्न वरवर तांत्रिक दिसला तरी मुळात राजकीय आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कामगारवर्गाचा ऊर्जेच्या काटकसरीला विरोध नाही आणि असू शकत नाही. एक टन पोलाद किंवा सिमेंट कमी कोळशात निघाले तर समाजाचे श्रम वाचतात, खाणीवरचा भार हलका होतो, हवा कमी बिघडते. मार्क्सने ‘भांडवल’च्या तिसऱ्या खंडात स्थिर भांडवलाच्या काटकसरीवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. इंधन, यंत्रशक्ती, इमारती यांतील काटकसर सामाजिक श्रमातून निपजते, मात्र भांडवलशाहीत ती भांडवलाचीच करामत म्हणून पुढे येते व नफ्यात जमा होते, हे त्याने तेथे दाखवून दिले. वस्तूंच्या बाबतीत कंजूष असणारे भांडवल कामगाराच्या जिवाच्या व आरोग्याच्या बाबतीत किती उधळे असते, हेही त्याने तेथेच नोंदविले. ऊर्जा बचतीच्या कोणत्याही सरकारी योजनेचे मूल्यमापन करताना ही कसोटी विसरता येणार नाही.

आपल्या देशात ऊर्जा संवर्धन कायदा २००१ साली झाला व १ मार्च २००२ रोजी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो अस्तित्वात आला. २००६ पासून विजेच्या उपकरणांवर तारांकित पट्ट्या लागू लागल्या. २०१२ पासून मोठ्या कारखान्यांसाठी ‘परफॉर्म, अचीव्ह अँड ट्रेड’, म्हणजे संक्षेपाने ‘पॅट’, ही योजना सुरू झाली आणि जानेवारी २०१५ पासून ‘उजाला’ योजनेखाली एलईडी दिव्यांचे वाटप सुरू झाले. या सर्वांचा परिणाम म्हणून २०१८-१९ या एका वर्षात ८९,१२२ कोटी रुपये वाचल्याचे ब्युरोच्या अहवालात सांगण्यात आले. आदल्या वर्षाचा आकडा ५३,६२७ कोटींचा होता. एका वर्षात बचत दोनतृतीयांशाने वाढली! पॅटच्या दुसऱ्या आवर्तनाची त्याच वर्षी सांगता झाली, हे लक्षात घेतले तरी इतकी झेप कशी घेतली गेली याची छाननी झाली पाहिजे होती. हा अहवाल खाजगी सल्लागार कंपनीने तयार केला होता. सरकारच्या योजनेचे यश सरकारनेच नेमलेल्या सल्लागाराने मोजावे आणि सरकारने ते जाहीर करावे, असा हा व्यवहार आहे.

उजालाचेच उदाहरण घेऊ, कारण या योजनेत प्रशंसनीयही पुष्कळ आहे. सार्वजनिक क्षेत्रातील चार वीज कंपन्यांनी २००९ साली स्थापन केलेल्या ईईएसएल या कंपनीने दिव्यांची घाऊक खरेदी केली. २०१४ च्या आरंभी ३१० रुपयांना घेतला जाणारा दिवा २०१६ मध्ये ३८ रुपयांना मिळू लागला. लोकांना तो ७० रुपयांच्या आसपास पडला. केंद्र सरकारचे अनुदान त्यासाठी लागले नाही. खाजगी कारखानदार ज्या मालाला अव्वाच्या सव्वा भाव लावीत होते त्याची खरी किंमत काय, हे सार्वजनिक खरेदीने अडीच-तीन वर्षांत उघडे पाडले. सार्वजनिक क्षेत्र मोडीत काढण्याची भाषा करणाऱ्यांनी हा धडा लक्षात ठेवावा.

आता बचतीच्या दाव्याकडे वळू. सुमारे ३७ कोटी दिवे वाटले गेले व त्यामुळे दरवर्षी सुमारे ४८ अब्ज युनिट वीज वाचते, असे सरकार सांगते. साधा भागाकार केला तर एका दिव्यामागे वर्षाला १३० युनिट बचत होते. ६० वॅटचा तारेचा दिवा काढून ९ वॅटचा एलईडी लावला असे धरले, तर १३० युनिट वाचण्यासाठी प्रत्येक दिवा वर्षाचे ३६५ दिवस रोज सात तास जळला पाहिजे. घरातला प्रत्येक दिवा, स्नानगृहातला व माळ्यावरचासुद्धा! ज्या घरात आधीच १४-१५ वॅटचा सीएफएल होता, तेथे तितकेच तास दिवा जळूनही बचत एक दशांश उरते. शिवाय जो दिवा रोज सात तास जळतो त्याचे पंचवीस हजार तासांचे आयुष्य दहा वर्षांच्या आत संपते. म्हणजे दाव्याच्याच हिशेबाने योजनेच्या आरंभीचे दिवे आतापावेतो निकामी झाले असले पाहिजेत. परंतु आकड्यांच्या फलकावर एकदा चढलेला दिवा खाली उतरत नाही.

याहून कडक मोजणी आपल्याच देशात होऊन गेली आहे. २००९ मध्ये सुरू झालेल्या बचत लँप योजनेत तारेच्या दिव्याच्या बदल्यात १५ रुपयांत सीएफएल दिला जाई व उरलेला खर्च आंतरराष्ट्रीय कार्बन बाजारातून काढण्याची कल्पना होती. केरळमध्ये डाव्या लोकशाही आघाडीच्या सरकारच्या काळात राज्य वीज मंडळाने असे एक कोटीहून अधिक दिवे वाटले. त्या वेळच्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार प्रत्यक्ष मोजणी केली नसेल तर दिव्याचा वापर दिवसाला साडेतीन तासांहून अधिक धरता येत नसे. साडेतीन तास आणि सात तास यांमधील अंतर हे मोजमाप व जाहिरात यांमधील अंतर आहे. पुढे २०१२ च्या सुमारास कार्बनचे भाव कोसळले आणि त्या योजनेचा आर्थिक पायाच निसटला. कार्बन बाजाराच्या आधारावर लोकोपयोगी कार्यक्रम उभा करण्याचे फळ काय, हेही तेव्हाच दिसून आले.

उद्योगांसाठीच्या पॅट योजनेची कथा याहून बोलकी आहे. २०१२ ते २०१५ या पहिल्या आवर्तनात आठ उद्योगांतील ४७८ कारखान्यांना मिळून ६.६८६ दशलक्ष तेलतुल्य टन इतक्या बचतीचे लक्ष्य देण्यात आले. प्रत्यक्षात ८.६७ दशलक्ष टनांची बचत झाली, लक्ष्यापेक्षा तीस टक्के अधिक. दुसऱ्या आवर्तनाचे लक्ष्य ८.८६९ दशलक्ष टनांचे होते आणि साध्य सुमारे १४ दशलक्ष टनांचे सांगितले गेले. सरकारने याला उज्ज्वल यश म्हटले. परीक्षेत सगळेच विद्यार्थी भरघोस गुणांनी उत्तीर्ण झाले म्हणजे विद्यार्थी हुशार असतील, अथवा प्रश्नपत्रिका सोपी असेल. २००७ ते २०१० या तीन वर्षांची सरासरी पाया म्हणून धरली गेली होती. महागत्या इंधनामुळे कारखानदार जी नवी यंत्रे एरवीही बसविणार होते, ती योजनेच्या खाती जमा झाली. बाजारानेच याचा निवाडा केला. लक्ष्यापेक्षा अधिक बचत करणाऱ्यांना मिळालेल्या प्रमाणपत्रांची विक्री २०१७ मध्ये सुरू झाली तेव्हा ती गरजेपेक्षा कितीतरी जास्त निघाली. एक तेलतुल्य टन ऊर्जेची किंमत सरकारी हिशेबानेच दहा हजार रुपयांहून अधिक असताना तिच्या बचतीचे प्रमाणपत्र दोनशे ते बाराशे रुपयांच्या दरम्यान विकले गेले. लक्ष्य चुकविणाऱ्या मालकाला खरोखर बचत करण्यापेक्षा दुसऱ्याची कागदी बचत विकत घेणे स्वस्त पडले. आणि बचत तपासणारा लेखापरीक्षक ब्युरोच्या मान्यताप्राप्त यादीतला असला तरी त्याची नेमणूक करणारा व त्याचे शुल्क देणारा तो कारखानाच असतो.

शेतीच्या बाबतीत तर मूळ आकडाच संशयास्पद आहे. महाराष्ट्रात सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा भागात २००९ मध्ये दोन हजारांहून अधिक कृषिपंप बदलण्याचा देशातील अशा प्रकारचा पहिला प्रयोग झाला. परंतु राज्यातील असंख्य कृषिपंपांना मीटरच नाही. त्यांचा वापर वितरण कंपनी अंदाजाने ठरविते आणि तो फुगविला की वाटेत होणारी गळती व चोरी शेतकऱ्याच्या नावावर खपविता येते. वीज नियामक आयोगाने मार्च २०२० च्या आदेशात कृषिपंपांचा वापर कंपनीच्या दाव्यापेक्षा कमी धरला, तो याच कारणाने. जेथे वापराचाच हिशेब खोटा आहे, तेथे बचतीचा हिशेब खरा कसा असणार?

बचतीविषयी अर्थशास्त्रज्ञ आणखी एक आक्षेप घेतात. यंत्र काटकसरी झाले की वापर स्वस्त होतो व लोक अधिक वापर करतात, त्यामुळे बचत गिळली जाते. इंग्लंडमधील कोळशाविषयी जेव्हन्सने १८६५ मध्ये हे मांडले होते. या आक्षेपाकडेही वर्गीय दृष्टीने पाहिले पाहिजे. २०२३-२४ मध्ये भारतातील दरडोई वीजवापर १,३९५ युनिट होता, जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी. या सरासरीत वातानुकूलित बंगलाही आला आणि एका दिव्यावर रात्र काढणारी झोपडीही आली. दिवा स्वस्त झाला म्हणून शेतमजुराच्या मुलीने रात्री दोन तास अधिक अभ्यास केला तर तिला बचतीतील गळती म्हणणे हा निर्लज्जपणा आहे. तो योजनेचा लाभ म्हणूनच मोजला पाहिजे. उलटपक्षी पंचतारांकित यंत्र घेऊन चार खोल्या थंड करणाऱ्याची ‘बचत’ राष्ट्राच्या खाती जमा करण्याचे कारण नाही. सरकारी अहवाल या दोहोंत भेद करीत नाहीत. युनिट वाचले एवढेच ते सांगतात, कोणाच्या घरी व कोणाच्या खिशात, हे सांगत नाहीत.

हा वाद केवळ आकडेशास्त्रींचा आहे असे कोणी समजू नये. २०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती करून कार्बन व्यापाराला कायदेशीर दार उघडण्यात आले व २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित झाली. पॅटच्या चौकटीतील उद्योग टप्प्याटप्प्याने त्या बाजारात आणले जात आहेत. आजवर फुगविलेला आकडा ही निव्वळ बढाई होती. यापुढे तो विकाऊ माल होईल. सैल लक्ष्य पार करणाऱ्या प्रत्येक मक्तेदाराच्या हाती विकण्याजोगे क्रेडिट येईल, ते विकत घेणाऱ्याला धूर सोडण्याचा परवाना मिळेल आणि गिरणीच्या धुराड्याखाली राहणाऱ्या वस्तीच्या वाट्याला तोच धूर येईल.

कारखान्याच्या आतही हीच गोष्ट घडते. दर टनामागील ऊर्जा कमी करण्याचे दोन मार्ग आहेत. एक, चांगली यंत्रे, वाया जाणाऱ्या उष्णतेचा पुनर्वापर, वेळेवर देखभाल. दुसरा, पंखे व वायुवीजन बंद ठेवणे, देखभालीचे काम कंत्राटावर टाकणे, यंत्राचा वेग वाढविणे. लेखापरीक्षकाच्या तक्त्यात दोन्ही मार्ग सारखेच दिसतात. त्यांतला फरक पाळीवर उभा असलेला कामगारच सांगू शकतो, आणि त्यालाच कोणी विचारत नाही.

म्हणून पक्षाने व जनसंघटनांनी पुढील मागण्या लावून धरल्या पाहिजेत. बचतीचा प्रत्येक सरकारी आकडा मोजलेला की गृहीत धरलेला, हे त्याच्याबरोबरच जाहीर झाले पाहिजे आणि गृहीतके जनतेपुढे खुली असली पाहिजेत. नमुना घरांत व पंपांवर मीटर बसवून दरवर्षी सार्वजनिक विद्यापीठांमार्फत मोजणी व्हावी. कारखान्यांच्या ऊर्जा लेखापरीक्षकांची नेमणूक व मोबदला सार्वजनिक निधीतून व्हावा, आणि त्यांचे अहवाल कामगारांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींना पाहावयास मिळावेत. लक्ष्ये देशातील उत्तम कारखान्याच्या कामगिरीवरून ठरवावीत. दिव्यांच्या बाबतीत यशस्वी झालेली घाऊक सार्वजनिक खरेदी पंख्यांना व पंपांना मोठ्या प्रमाणावर लागू करावी. साधा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो आणि नवा काटकसरी पंखा ३० वॅटच्या आत चालतो, पण दुपटीच्या किमतीमुळे तो कामगाराच्या घरी पोहोचत नाही.

मागण्यांचे निवेदन देऊन काम संपत नाही. ऐंशीच्या दशकात केरळ शास्त्र साहित्य परिषदेने कमी सरपणाची चूल घरोघर नेली, ती स्वयंपाकघरातल्या प्रत्यक्ष अनुभवाच्या बळावर. आपल्या शाखांनाही हे अशक्य नाही. एखाद्या वस्तीतील पन्नास घरांत जाऊन योजनेचे किती दिवे आजही जळतात, त्यांआधी कोणते दिवे होते, वीजबिलात काय फरक पडला, याची नोंद करता येते. कारखान्यातील कॉम्रेडांनी ऊर्जा लेखापरीक्षणाचा अहवाल व्यवस्थापनाकडे मागावा आणि त्यातील बचत कोणत्या मार्गाने झाली हे सहकाऱ्यांपुढे मांडावे. मुंबईपासून भिलाईपर्यंत आणि सुरतेपासून हैदराबादेपर्यंत जेथे जेथे आपले मराठी भाषक कॉम्रेड काम करीत आहेत, तेथे तेथे हे काम हाती घेता येईल. कष्टकऱ्यांनी निर्माण केलेल्या बचतीचा हिशेब कष्टकऱ्यांनीच मागितला पाहिजे.