अडत आधी की माल आधी?

(एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला)

मॉडेल व्हावेसे वाटणे हे पाप आहे काय? आमच्या महाविद्यालयात हा प्रश्न कोणी उघडपणे विचारीत नाही. उत्तर मात्र सर्वांजवळ तयार असते. 'असल्या नादाला लागू नका,' असे घरचे सांगतात, गुरुजनही सांगतात. त्यामागे आमच्याविषयीची काळजी असते हे मी जाणते. परंतु जिला या क्षेत्रात जायचेच आहे ती मुलगी उपदेशाने थांबत नाही. ती फक्त विचारायची थांबते. आणि न विचारणाऱ्या मुलामुलींवरच खोट्या एजन्सीचा धंदा चालतो. म्हणून मॉडेलिंग चांगले की वाईट या वादात मी पडत नाही. सही करण्यापूर्वी एजन्सी खरी की खोटी हे कसे ओळखावे, एवढेच मला मांडायचे आहे.

माझे वडील बाजार समितीच्या आवारात हमाली करतात. एजन्सी म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगताना मला अडत्याचेच उदाहरण सुचले. अडत्या स्वतः पीक काढीत नाही. तो शेतकऱ्याच्या मालाला गिऱ्हाईक गाठून देतो आणि विक्रीच्या रकमेवर अडत घेतो. फळे-भाजीपाल्याची अडत पूर्वी शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जाई. ती खरेदीदाराकडून घ्यावी असा नियम २०१६ साली झाला. पण माल विकला जाण्याआधीच अडत मागणारा अडत्या वडिलांनी उभ्या हयातीत पाहिलेला नाही. एजन्सीचेही असेच असते. ती मॉडेलला काम मिळवून देते आणि त्या कामाच्या मानधनातून ठरलेले कमिशन घेते. मॉडेल कमावील तर एजन्सी कमावील. सगळे ऐकून घेऊन वडील म्हणाले, "मग ते आधी पैसे कशाचे मागतात?" हा प्रश्न ज्याला सुचला त्याला यातली निम्मी विद्या आली, असे मी समजते.

न्यूयॉर्कमध्ये १९४६ साली आयलीन व जेरी फोर्ड या दांपत्याने एजन्सी काढली. जाहिरातदाराकडून पैसे यायला उशीर होई, तेव्हा ही एजन्सी मॉडेलला तिचे पैसे आपल्या खिशातून आधी देई आणि मग जाहिरातदाराकडून वसूल करी. म्हणजे आधी पैसे द्यायचेच झाले तर ते कोणी कोणाला द्यायचे, हे या व्यवसायातील नामांकितांनी केव्हाच दाखवून दिले आहे.

आता आमच्याकडचे पाहा. गेल्या वर्षी वर्गातील एका मैत्रिणीला मोबाईलवर ऑडिशनचा निरोप आला. जिल्ह्याच्या गावी एका हॉटेलच्या हॉलमध्ये पन्नास-साठ मुलेमुली जमली होती. मी सोबत म्हणून गेले होते. नाव विचारले, चार पावले चालून दाखवायला सांगितले, आणि दहा मिनिटांत निवड! निवड झाली नाही असे तोंड घेऊन बाहेर आलेले कोणी आम्हांला दिसलेच नाही. मग खरे बोलणे निघाले. पोर्टफोलिओचे १८,००० रुपये, 'आर्टिस्ट कार्डा'चे निराळे, फोटो त्यांच्याच फोटोग्राफरकडून काढायचे आणि सवलत फक्त त्या संध्याकाळपर्यंत. करार सहा पानांचा, सगळा इंग्रजीत. तो घरी न्यायला मिळणार नव्हता. मैत्रिणीजवळ तेवढे पैसे नव्हते म्हणून ती वाचली. दोघीतिघींनी मात्र घरी फोन लावून जागच्या जागी पैसे मागवले. दोन महिन्यांनी त्यांचे फोन कोणी उचलीनासे झाले.

यात पोर्टफोलिओ ही मोठीच मेख आहे. नव्या चेहऱ्याकडून खऱ्या एजन्सीला प्रथम हवे असतात ते साधे फोटो. दिवसाच्या उजेडात, मेकअपशिवाय, साध्या अंगासरशी कपड्यांत, समोरून आणि बाजूने काढलेले. जोडीला उंची व मापे. त्यांना ते लोक 'डिजिटल्स' किंवा जुन्या सवयीने 'पोलरॉइड' म्हणतात. मैत्रिणीने गच्चीवर मोबाईलवर काढून दिले तरी चालतात. पुढे पोर्टफोलिओ लागतो, नाही असे नाही. काही एजन्सी त्याचा खर्च आधी स्वतः करून नंतर मानधनातून वळता करून घेतात, आणि तसे असेल तर ते करारात लिहिलेले असावे. मात्र फोटोग्राफर निवडण्याची मुभा न देता आजच रोख मागणारा माणूस फोटो विकतो आहे, काम नव्हे. फोटो विकणे हाही सरळ धंदा आहे, मॉडेलिंगचा क्लास चालवणे हाही आहे. पण फोटोचे दुकान नोकरीची पाटी लावून बसले की तिथे लबाडी सुरू होते. 'आर्टिस्ट कार्डा'चेही तेच. कलावंतांच्या संघटनेचे सभासदत्व त्या संघटनेकडे जाऊन घ्यायचे असते. हॉटेलच्या हॉलमध्ये ते विकत मिळत नाही.

चौकशी करणेही आपण समजतो तितके कठीण नाही. कंपनी असेल तर तिचा नोंदणी क्रमांक केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पाहता येतो; त्या २१ अक्षरी क्रमांकातच स्थापनेचे वर्ष असते. 'वीस वर्षांची जुनी संस्था' म्हणवणाऱ्याच्या क्रमांकात परवाचे साल निघाले तर समजून घ्यावे. जीएसटीचा क्रमांक १५ अक्षरी, महाराष्ट्रातला २७ ने सुरू होणारा. लहान धंद्याला ही नोंदणी सक्तीची नाही, हे खरे. परंतु 'वर १८ टक्के जीएसटी' म्हणून पैसे घ्यायचे आणि पावतीवर क्रमांकच नाही, हा काय प्रकार? अर्थात नोंदणी हे काही सचोटीचे प्रमाणपत्र नव्हे. उद्या तक्रार करायची झाली तर कोणाच्या दारात जायचे, एवढेच तिच्यावरून कळते. त्याहून उपयोगाची परीक्षा म्हणजे भिंतीवर ज्या मॉडेल्सचे फोटो टांगले असतील त्यांची नावे विचारणे. काम करणाऱ्या मॉडेल आपल्या इन्स्टाग्रामच्या पानावर बहुधा एजन्सीचे नाव लिहितात. तिथे या मंडळींचे नाव आहे काय ते पाहावे. मोठ्या एजन्सीच्या नावाने भलताच माणूस फोन करीत असेल, तर त्याने दिलेल्या नंबरवर न विसंबता त्या एजन्सीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरील नंबरवर विचारावे. आणि भेटायला एकटीने जाऊ नये. 'सोबत कोणाला आणू नका' असे सांगणाऱ्याकडे तर मुळीच जाऊ नये.

राहिली सही. माझ्या आजोबांनी सावकाराच्या कागदावर अंगठा दिला होता. कागदात काय होते ते त्यांना जमीन गेल्यावर कळले. घरात लिहिता-वाचता सही करणारी मी पहिली. पण सहा पानी इंग्रजी करार न वाचता सही करणारी पदवीची विद्यार्थिनी आणि अंगठा देणारे आजोबा यांत फरक तो काय? कमिशन किती टक्के, ते कोणत्या रकमेवर, करार किती वर्षांचा, त्या काळात दुसऱ्याकडे काम करता येईल की नाही, पैसे किती दिवसांत मिळणार, आपले फोटो कोठे आणि कोठवर वापरणार, मोडायचा झाला तर करार कसा मोडायचा, हे त्यात शोधलेच पाहिजे. प्रत मागून घरी आणावी आणि समजणाऱ्याला दाखवावी. प्रत द्यायला जो कचरतो त्याच्याशी पुढे बोलण्याचे कारण उरत नाही. आमच्या कनिष्ठ वर्गातील सतरा वर्षांच्या भावंडांसाठी एवढेच सांगते, की १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील व्यक्तीने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो. तरीही पालकांना वगळून त्यांची सही घेऊ पाहणारा माणूस भला नव्हे.

फसल्यावर काय, असे कोणी विचारील. पैसे मोबाईलवरून गेले असतील तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे; जितका उशीर तितकी आशा कमी. पोलिसांतही जावे. ज्या कलमावरून आपल्या भाषेत 'चारसोबीस' हा शब्द रुळला ते १ जुलै २०२४ पासून इतिहासजमा झाले. आता भारतीय न्याय संहितेचे ३१८ वे कलम आहे. पण मुली तक्रार करीत नाहीत, आणि त्याचे कारण कायद्याच्या पुस्तकात सापडणार नाही. माझ्या वस्तीतून महाविद्यालयात येणाऱ्या आम्ही चारजणी आहोत. उद्या आमच्यातील एक अशी फसली, तर अठरा हजार तिचे जातील आणि शिक्षण चौघींचे थांबेल. 'पाहिलंत, बाहेर पाठवल्याचा परिणाम?' एवढे एक वाक्य पुरे होते. ठकाला हे पक्के ठाऊक असते. आमच्या गप्प राहण्याचा हिशोब करूनच तो फी ठरवतो.

पाठीवर पोती वाहणाऱ्या माझ्या वडिलांसाठी १९६९ चा माथाडी कायदा आहे, मंडळ आहे, नोंदवही आहे. दिव्यांच्या झगमगाटात उभ्या राहणाऱ्या मुलीसाठी तसे मंडळ नाही. न्यूयॉर्क राज्याने डिसेंबर २०२४ मध्ये कायदा केला आणि तो जून २०२५ पासून लागू झाला. तिथे आता एजन्सीला नोंदणी करावी लागते, मॉडेलकडून फी किंवा अनामत घेता येत नाही, कमिशन २० टक्क्यांवर नेता येत नाही, करार ३ वर्षांहून लांब करता येत नाही. जगातील सर्वांत मोठ्या फॅशनच्या बाजारपेठांपैकी एका ठिकाणी हे करणे भाग पडते, तर आमच्या जिल्ह्याच्या गावी सगळे आपोआप सरळ चालेल अशी अपेक्षा कशी करावी?

असा कायदा आपल्याकडे येईल तेव्हा येवो. तोवर आमच्या महिला विकास कक्षाने जून महिन्यात एका वकिलांना बोलवावे आणि एक खरा करार फळ्यावर मराठीत उलगडून दाखवावा, अशी माझी प्राचार्यांना विनंती आहे. मुलांनाही बसू द्यावे. त्या हॉलमध्ये मुलेही पुष्कळ होती.