शिधा दिलात, आता साक्षही द्या!

संकट आले की वसईतील चर्चचे आवार उघडते, हे नाकारण्याचे कारण नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि मजुरी थांबली, तेव्हा सरकारी यंत्रणा याद्या करीत बसली होती. धर्मग्रामांतील तरुण मात्र तांदूळ, डाळ आणि तेल घेऊन चाळींपर्यंत पोहोचले. मे महिन्यात उत्तर प्रदेशाकडे जाणाऱ्या गाड्यांच्या आशेने हजारो मजूर वसईच्या सनसिटी मैदानावर उन्हात ताटकळत उभे राहिले. ज्यांच्या श्रमावर गोखिवरे, वालीव, सातिवलीचे कारखाने चालतात, ती माणसे त्या दिवसांत आपल्याच देशात निर्वासित झाली होती. त्या काळात ज्यांनी ज्यांनी त्यांच्या हातावर भाकरी ठेवली, त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे.

हे प्रारंभीच नमूद करण्याचे कारण आपल्याच घरात आहे. चर्चच्या मदतकार्याचा विषय निघाला की आपले काही कार्यकर्ते 'धर्मादाय म्हणजे अफूची गोळी' असे म्हणून मोकळे होतात. हे वाक्य सोपे आहे आणि ते उच्चारण्यासाठी घराबाहेर पडावे लागत नाही. उपाशी माणसाच्या दारात जो पहिल्यांदा पोहोचला, त्याच्यावर टीका करण्याचा अधिकार निदान दुसऱ्यांदा पोहोचणाऱ्याला असतो. जो पोहोचलाच नाही, त्याने आधी आत्मपरीक्षण करावे.

तरीही टीका केली पाहिजे, आणि ती मित्रत्वाने पण स्पष्ट शब्दांत केली पाहिजे. आमचा प्रश्न असा : शिधा वाटून झाल्यावर चर्च थांबते कोठे? भुकेल्याला अन्न देऊन ते थांबते, की त्याला भुकेला कोणी ठेवले हे विचारण्यासाठी आणखी एक पाऊल टाकते?

हा प्रश्न वसईच्या ख्रिस्ती समाजाला परका नाही. त्याचे उत्तर त्याने स्वतःच्याच इतिहासात लिहून ठेवले आहे. १९१८ साली मोन्सिग्नोर पी. जे. मोनीस यांनी बॅसीन कॅथॉलिक सहकारी पतसंस्थेचा पाया घातला, तेव्हा कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याला भिक्षा घालण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता. त्यांनी तो पत्करला नाही. सहकाराच्या बळावर माणूस आपल्या पायावर उभा राहिला पाहिजे, असा तो विचार होता. पुढे १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईची हिरवी जमीन इमारतींसाठी मोकळी करण्याचा घाट घातला गेला, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो प्रवचनपीठावरून उतरून रस्त्यावर आले. 'सुवार्ता'चे संपादक असलेल्या या धर्मगुरूने हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली ख्रिस्ती आणि हिंदू शेतकऱ्यांना एकत्र केले, दहशतीला तोंड दिले आणि सत्तेला प्रश्न विचारला. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने त्यांना आदरांजली वाहिली. आणखी उत्तरेला, डहाणूच्या डोंगरपट्टीत, १९७८ साली कष्टकरी संघटना उभी राहिली. तिच्या उभारणीत जेझुइट परंपरेतून आलेली माणसे होती. आदिवासींना केवळ औषध आणि पाटी-पेन्सिल देऊन भागणार नाही, जमिनीचा आणि मजुरीचा हक्क मिळाला पाहिजे, हे त्यांनी ओळखले. म्हणजे दानाच्या पुढचा रस्ता या भूमीत कोणी दाखवला नाही, असे चर्चला म्हणता येणार नाही.

मग आज काय चालले आहे? नालासोपारा पूर्वेचे उदाहरण घ्या. सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर एक्केचाळीस इमारती उभ्या राहिल्या. त्या एका रात्रीत उगवल्या नाहीत. प्रत्येक मजल्याला कोणाची तरी मूक संमती होती, प्रत्येक नळजोडणीला कोणाची तरी सही होती. बनावट कागदांच्या आधारे त्यांतील घरे कष्टकऱ्यांना विकली गेली. उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये त्या पाडण्याचा आदेश दिला. फेब्रुवारी २०२५ पर्यंत महापालिकेने त्या जमीनदोस्त केल्या. सुमारे अडीच हजार कुटुंबे ऐन शाळेच्या दिवसांत रस्त्यावर आली. त्याच वर्षी सक्तवसुली संचालनालयाने या प्रकरणाच्या तपासात छापे घातले आणि नगररचना खात्यातील एका अधिकाऱ्याकडून कोट्यवधींची रोकड जप्त केल्याचे जाहीर केले. ऑगस्ट २०२५ मध्ये विरार पूर्वेला रमाबाई अपार्टमेंट ही अनधिकृत इमारत कोसळली आणि सतरा माणसे ढिगाऱ्याखाली मेली. जून २०२० मध्ये मुदत संपल्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ या महापालिकेची निवडणूकच झाली नव्हती. जाब विचारायला लोकांना आपला नगरसेवकही नव्हता.

कायद्याने घर पाडले, हे खरे. पण घर विकणाऱ्याचा बंगला पडला नाही आणि परवानगीकडे डोळेझाक करणाऱ्याचे निवृत्तिवेतन बुडाले नाही. पडले ते विकत घेणाऱ्याचे छप्पर. या अन्यायाचे नाव विस्थापन आहे. त्याला 'अतिक्रमण हटाव' म्हटल्याने त्याची जात बदलत नाही.

येथेच चर्चची खरी कसोटी आहे. आगगाडीच्या रुळांच्या पश्चिमेला बागा, विहिरी, जुनी घरे आणि चर्चचे मनोरे आहेत. पूर्वेला चाळी, टँकर आणि अनधिकृत इमारती. हरित वसईचे आंदोलन न्याय्य होते आणि आहे. पण ज्याच्याजवळ वाडी आहे त्याने वाडी राखण्यासाठी लढणे आणि ज्याच्याजवळ काहीच नाही त्याच्यासाठी लढणे, यांत अंतर आहे. पूर्वेचे विस्थापित बहुतांशी ना ख्रिस्ती, ना वसईचे जुने रहिवासी. 'हे बाहेरचे, यांनीच आमची वसई बिघडवली' हा सूर पश्चिमेत ऐकू येतो, आणि प्रार्थनेहून परतणाऱ्यांच्या तोंडीही तो असतो. वसई बिघडवली ती बिल्डर, पुढारी आणि अधिकारी यांच्या युतीने. त्याच युतीने शेतकऱ्याची जमीन स्वस्तात घेतली आणि मजुराला बेकायदा घर महागात विकले. दोघांचा शत्रू एक असताना दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवावे, यासारखी सोय त्या युतीला दुसरी कोणती?

चर्चमधील सुबुद्ध मंडळी याला एक उत्तर देतात आणि ते हलके लेखण्यासारखे नाही. 'आम्ही न्यायाची भाषा बोललो की आमच्यावर धर्मांतराचा आरोप येतो, परदेशी निधीचा परवाना धोक्यात येतो,' असे ती म्हणतात. भीती खोटी नाही. २०२१ च्या नाताळात मिशनरीज ऑफ चॅरिटीचा परवाना नूतनीकरणावाचून अडवला गेला. देशभर ओरड झाल्यावर जानेवारी २०२२ मध्ये तो परत मिळाला. झारखंडच्या आदिवासींसाठी झिजलेले फादर स्टॅन स्वामी ऑक्टोबर २०२० मध्ये, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, तुरुंगात गेले आणि ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या रुग्णालयात कच्चे कैदी म्हणूनच मरण पावले. वसईहून लोकलने तासाभरात गाठता येईल अशा ठिकाणी हे घडले.

पण मौनाने संरक्षण मिळाले काय? २००८ साली ओरिसातील कंधमालमध्ये हजारो ख्रिस्ती आदिवासी-दलितांना जंगलात पळावे लागले. मे २०२३ मध्ये मणिपूर पेटले, साठ हजारांवर माणसे बेघर झाली, चर्च जाळली गेली, मंदिरेही सुटली नाहीत. तेथे चर्चच्या संस्थांनी छावण्यांत ताडपत्री, औषधे आणि धान्य पोहोचवले. ते न पोहोचते तर माणसे मेली असती. परंतु छावणी हे घर नव्हे. जेथे न्याय नाही आणि परतीची वाट नाही, तेथे मदत कितीही उदार असली तरी ती विस्थापनाची मुदत लांबवत राहते. एल साल्वादोरच्या आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांनी हे ओळखले होते; म्हणून २४ मार्च १९८० रोजी वेदीपाशीच त्यांच्यावर गोळी झाडली गेली. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ सालीच मजुरांच्या हक्कांवर परिपत्रक काढले, आणि २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोपनी त्याचीच आठवण ठेवून लिओ हे नाव धारण केले. रोममध्ये नाव घ्यायचे आणि नालासोपाऱ्यात गप्प बसायचे, हे कसे चालेल?

आता आपल्याविषयी. आपणही निवेदने काढून थांबलो. टाळेबंदीत आपली कार्यालये बंद होती आणि इमारती पडत असताना आपण न्यायालयाच्या निकालावर चर्चा करीत होतो. म्हणून या लेखाचा शेवट उपदेशाने नव्हे, कामाच्या यादीने केला पाहिजे. विस्थापित कुटुंबांचे करारनामे, पावत्या आणि कर्जाची कागदपत्रे गोळा करणारी केंद्रे उभी राहिली पाहिजेत; त्यासाठी धर्मग्रामांनी आपली सभागृहे द्यावीत, माणसे आपण देऊ. घरे विकणाऱ्यांची मालमत्ता जप्त करून त्यातून भरपाई मिळावी आणि पर्यायी घरे होईपर्यंत भाडे मिळावे, ही मागणी महापालिकेपुढे संयुक्तपणे मांडावी. दोषी अधिकाऱ्यांची नावे जाहीर व्हावीत. वाढवण बंदर आणि बुलेट ट्रेन यांच्या छायेत असलेल्या मच्छीमार व आदिवासींनाही त्याच मंचावर स्थान असावे, कारण आज नालासोपाऱ्यात जे झाले ते उद्या डहाणूच्या किनाऱ्यावर होणार आहे.

चर्चने आपले धान्याचे कोठार बंद करावे, असे आम्ही म्हणत नाही. त्या कोठाराची एक खिडकी महापालिकेच्या दिशेने उघडावी, एवढेच म्हणतो. मोनीस आणि दिब्रिटो यांच्या वारसांना ते जड जाऊ नये. आणि ज्या दिवशी ते रस्त्यावर येतील, त्या दिवशी समाजवाद्यांची रांग त्यांच्या आधी तेथे उभी असली पाहिजे.