काटकपणाचं कौतुक पुरे

पावसाळ्यात कर्जत स्टेशनबाहेर सकाळी रानभाज्या घेऊन बायका बसतात. टाकळा, कुर्डू, भारंगी, पुढे श्रावणात करटोली. बऱ्याच जणी ठाकूरवाड्यांवरून, कातकरीवाड्यांवरून पायी आलेल्या, साठीच्या आतबाहेरच्या. त्यातल्या एका मावशीकडून मी कित्येक वर्षं भाजी घेते. डोक्यावरची पाटी उतरवायला तिला दुसऱ्याचा हात लागतो. "बाय, जरा हात लाव," एवढंच म्हणते. एका आषाढात मी असा हात लावत असताना लोकलमधून उतरलेला ट्रेकवाल्या मुलांचा घोळका थबकला. "काय स्टॅमिना आहे आजीचा! आपल्या आया दोन जिने चढल्या तरी धापा टाकतात." पोरं मनापासून बोलली, त्यांना दोष देत नाही. पण हेच वाक्य मी महिला दिनाच्या भाषणांत ऐकलंय, फार्महाऊसच्या व्हरांड्यातल्या गप्पांत ऐकलंय, आणि आमच्याच नातेवाइकांकडूनही ऐकलंय. ते खोडून काढायची वेळ आली आहे, कारण या कौतुकाखाली बायकांची दुखणी गाडली जातात.

म्हणणं काय, तर खेड्यातली बाई जन्मभर राबते, ताजं खाते, मोकळ्या हवेत राहते, म्हणून सत्तरीतही ताठ चालते; तेव्हा उतारवयात तब्येत राखायची तर तिच्यासारखं राबावं. यातला हालचालीचा भाग मला मान्य आहे. "सून आली, आता बसून खा" हा घरोघरचा प्रेमळ सल्ला मी घातकच मानते. धडधाकट ज्येष्ठांना नुसते दहा दिवस अंथरुणावर ठेवलं तर पायांतले स्नायू जवळजवळ किलोभर घटतात, हे मोजून पाहिलेलं आहे. बसवून ठेवलेली बाई लवकर खचते, यात वाद नाही.

वाद पुढे आहे. स्टेशनवर दिसते ती म्हातारी काटक असणारच, कारण जी काटक नाही ती स्टेशनपर्यंत पोचतच नाही. ती वाडीत पडवीला गुडघे धरून बसलेली असते, नाहीतर पंचावन्नाव्या वर्षीच गेलेली असते. जी टिकली तिच्याकडे बोट दाखवून "कष्टाने माणूस टिकतं" म्हणणं म्हणजे पुरातून वाचलेल्याला विचारून पूर चांगला ठरवणं.

आणि कष्ट म्हणजे व्यायाम नव्हे. व्यायामात वजन हळूहळू वाढवतात, मध्ये विश्रांती असते, वर पोटात अन्न जातं. भाताच्या आवणीत यातलं काय आहे? गुडघाभर चिखल, पाठीवर पाऊस, आणि कमरेत वाकून दिवसभर तीच एक हालचाल हजारो वेळा. भिवपुरीच्या वीजघरातून सुटणारं पाणी राजनाल्याने ज्या गावांना मिळतं, तिथे उन्हाळी भातही होतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने चांगलंच आहे. पण तिथल्या बाईची कंबर वर्षातून दोनदा वाकते. आपल्याकडे पाळी साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमाराला जाते, आणि त्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत हाडं सगळ्यांत वेगाने झिजतात. नेमक्या त्याच वर्षांत ती वाकून ओझं उचलते. मणक्याचं हाड दबतं, पाठीला बाक येतो, आणि आपण म्हणतो, वय झालं.

मोकळ्या हवेचंही तसंच. शेत मोकळं, पण चुलीपुढची चाळीस वर्षं कुठे मोजायची? ज्या बाईने कधी विडी ओढली नाही तिलाही धुराने दमा लागतो.

ताज्या अन्नाबद्दल मात्र सविस्तर बोललं पाहिजे. आमच्या भागात भात निघाला की त्याच जमिनीत वाल पेरतात. वालाचं बिरडं म्हणजे पंचवीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असलेलं कडधान्य, उतारवयातल्या बाईच्या स्नायूंना हवं तेच. पण पंगत बघा. पहिल्यांदा पुरुष, मग मुलं, मग सून, आणि शेवटी सासू. किंवा सासू आधी आणि सून शेवटी, घराघराची रीत. पातेलं शेवटच्या बाईपर्यंत येतं तेव्हा दाणे वर गेलेले असतात. ती उरलेल्या रश्शात भात कालवते आणि "मला रस्साच आवडतो" म्हणते. माझी सासू हेच म्हणायची. तिला दाणे आवडायचे, हे मला ती गेल्यावर तिच्या बहिणीकडून कळलं.

नाचणी तर डोळ्यांदेखत ताटातून गेली. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, सडीक तांदळात जेमतेम १०. वरकस जमिनी फार्महाऊसला विकल्या गेल्या, नाचणी-वरीचे उतार कुंपणात गेले, आणि आता शहरातून आलेले पाहुणे तिथेच आरोग्यासाठी नाचणीचं आंबील विकत घेऊन पितात. ज्या बाईच्या सासऱ्याने तो उतार कसला, तिच्या घरी तिन्हीत्रिकाळ पांढरा भात.

मग करायचं काय? पहिली गोष्ट, ताकद या वयातही येते. १९९० साली बोस्टनमध्ये नव्वदीच्या घरातल्या दहा वृद्धांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायचा व्यायाम दिला. त्यांच्या स्नायूंची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत! मग पासष्टीच्या बाईला "आता काय राहिलंय" हे कुणी ऐकवू नये, तिने स्वतःलाही ऐकवू नये. घरी करून बघण्यासारखी एक चाचणी आहे. हात छातीशी घडी घालून खुर्चीतून पूर्ण उठायचं, परत बसायचं. तीस सेकंदांत किती वेळा होतं ते मोजायचं. पासष्ट ते एकोणसत्तर वयाच्या बाईला अकरापेक्षा कमी जमलं तर पडण्याचा धोका अधिक. मी त्रेसष्टची आहे. पहिल्या दिवशी नऊ झाले आणि मला धक्का बसला. तीच उठबस रोज करत राहिले, तीन महिन्यांत चौदावर आले. कसलंही साधन लागलं नाही. आवणी करणाऱ्या बाईला मात्र मी हे सांगणार नाही. तिला हवी आहे ती आडव्या पाठीची विश्रांती, लहान पाटी, आणि बिरड्यातले दाणे. सगळ्या बायकांना एकच उपदेश करणारा माणूस बायकांकडे बघतच नसतो.

दुसरी गोष्ट मिसरीची. दात घासायच्या नावाखाली दिवसातून चार वेळा तोंडात जाणारा तो भाजलेला तंबाखूच आहे. तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी सरकारी कार्यक्रमात तिशीपासून पासष्टीपर्यंत आहे. ती करून घ्यावी. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा अंगावरून गेलं तर "उष्णता झाली" म्हणून बसू नये, त्याच आठवड्यात दाखवावं. सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, २०२४ च्या ऑक्टोबरपासून आयुष्मान योजनेत वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचे उपचार आहेत. कार्ड काढून देणं हे नातवाचं काम, त्याच्या हातात मोबाइल असतोच. मार्च २०२३ पासून बाईला एसटीचं तिकीट अर्धं झालंय, आणि पंच्याहत्तरीनंतर तर प्रवास फुकट आहे. तरी ती दवाखान्यात जात नाही, कारण कुणी "जा" म्हणायची ती वाट बघते.

त्या पाटीवाल्या मावशीचंही असंच होतं. एका दुपारी उरलेला टाकळा माझ्या पिशवीत टाकता टाकता ती हळूच म्हणाली, "अंग बाहेर येतं, बाय." अकरा वर्षं. धाकट्याच्या बाळंतपणानंतर आठवड्यात ओझं उचललं, पाळी गेल्यावर ते वाढत गेलं. फडकं लावून चालायची. ज्या पाटीचं पोरांना कौतुक, तीच पाटी रोज ते आणखी खाली ढकलत होती.

दवाखान्यात चल म्हटलं तर म्हणाली, आवणी झाली की. आवणी झाली, मग गौरी झाल्या की. मग कापणी. मग झोडणी. शेवटी पौषात मीच तिचं तिकीट काढलं आणि सोबत बसले. डॉक्टर बाईंनी तपासलं, ऑपरेशनचं नंतर बघू म्हणाल्या आणि आधारासाठी आत रिंग बसवली. दहा मिनिटं लागली असतील.

बाहेर आल्यावर तिने पाणी मागितलं. तांब्याभर प्यायली, मग आणखी मागितलं. वाटेत लघवी आवरत नाही म्हणून घरातून निघायच्या दिवशी ती इतकी वर्षं पाणीच पीत नव्हती.