हलकं फ्रेमवर्क, कोणाच्या पाठीवर?

मंडळी, आज जरा भांडायचा मूड आहे. शनिवार आहे, चहा झालाय, तेव्हा होऊनच जाऊ द्या.

नवीन प्रोजेक्टच्या मीटिंगमधे कोणीतरी म्हणतंच, "एक्स्प्रेस घेऊ, हलकं आहे." सगळे माना डोलावतात. हलकं म्हणजे नक्की काय हो? एक्स्प्रेस तुम्हाला राउटिंग देतं आणि मिडलवेअरची रांग देतं. रिक्वेस्ट एका फंक्शनकडून दुसऱ्याकडे सरकत जाते. जवळपास एवढंच. लॉगिन, डेटाबेस, आलेल्या माहितीची तपासणी, लॉगिंग... हे तुमचं तुम्ही बघा. म्हणजे वजन गायब झालं नाही, फ्रेमवर्कच्या पाठीवरून तुमच्या पाठीवर आलं.

माझाच किस्सा सांगतो. अकोल्यातल्या ओळखीच्या एका दालमिलसाठी तुरीच्या आवकेची नोंद ठेवणारं छोटं अ‍ॅप केलं होतं. एक्स्प्रेस ४, दोन वीकेंडमधे तयार. आपली कॉलर एकदम ताठ! ऐन हंगामात सकाळी सकाळी फोन. "भाऊ, थे चक्र फिरूनच राह्यलं, ट्रॅक्टर काट्यावर उभे हायत!"

कारण? असिंक फंक्शनमधली एरर एक्स्प्रेस ४ आपणहून पकडत नाही. ती तुम्ही पकडून नेक्स्टला द्यायची असते. मी दिली नव्हती. डेटाबेसचं कनेक्शन तुटलं आणि रिक्वेस्ट लोंबकळत राहिली. (सर्व्हरवर जुनं नोड होतं. नोड १५ पासून तर अशा एररने अख्खी प्रोसेसच बंद पडते.) एक्स्प्रेस ५ ही एरर आपणहून पुढे पाठवतं. पण त्याची पहिली अल्फा २०१४ ची आणि पक्की आवृत्ती आली २०२४ मधे! तरी एक्स्प्रेसला शिव्या देणार नाही. सगळं डॉक्युमेंटेशनमधे लिहिलेलं होतं, मी वाचलं नाही. ताटकळले मात्र शेतकरी.

मग काय, दहा माणसं वापरणार त्या अ‍ॅपला भलंमोठं फ्रेमवर्क लावायचं? मुळीच नाही. मी आजही एक्स्प्रेसच घेईन. माझं भांडण "हलकं आहे म्हणून दोन वीकेंडमधे देतो" या वाक्याशी आहे.

जून २०२२ मधे आमच्या अमरावती-अकोला रस्त्यावर ७५ किलोमीटरची सलग लेन १०५ तास ३३ मिनिटांत डांबरली गेली. गिनीज रेकॉर्ड झालं. सगळ्यांना तास आठवतात. खडी, डांबर, यंत्रं, माणसं आधीच तयार नसती तर ते तास मोजायची वेळच आली नसती, हे कोणाला आठवत नाही.

आपलंही तसंच आहे. एरर हँडलिंग, तपासणी, लॉगिंग, बॅकअप यांचे चार दिवस एस्टिमेटमधे स्पष्ट लिहा, गिऱ्हाइकाला सांगा आणि त्याचे पैसे मागा. तो नाही म्हणाला तर निदान कशाला नाही म्हणतोय हे त्याला कळेल. ते चार दिवस लपवून आपण स्वस्तात काम देत नाही, फक्त बिल दुसऱ्याच्या नावावर फाडतो. आणि ते भरतो काट्यावर ट्रॅक्टर घेऊन उभा असलेला माणूस.

असो. बघा, पटतंय का.