विमानाला वळायला किती जागा लागते?

मागच्या रविवारी माझा भाचा कॉम्प्युटरसमोर तोंड फुगवून बसला होता. विमान चालवायचा खेळ, म्हणजे फ्लाइट सिम्युलेटर, सुरू होता. गोव्याहून निघालेलं त्याचं बोइंग ७३७ मुंबईजवळ पोचलं होतं. आता पश्चिमेकडे वळून धावपट्टीच्या सरळ रेषेत शिरायचं होतं. ती रेषा येताच त्याने ऑटोपायलटची दिशेची कळ फिरवली. विमान डावीकडे वळलं खरं, पण इतकं सावकाश की रेषा ओलांडून पार पुढे गेलं. धावपट्टी राहिली डाव्या हाताला! तीनदा असंच झालं.

‘‘मामा, हा ऑटोपायलट अगदी आळशी आहे!’’

आळशी नाही, शहाणा आहे! कसा ते पाहू या.

सायकल जोरात वळवताना तुम्ही नुसतं हँडल फिरवता का? नाही. तुम्ही आणि सायकल, दोघंही आत कलता. विमानाचंही तसंच. पंख विमानाला वर उचलून धरतात. विमान एका कुशीवर कललं, की त्या उचलण्याच्या जोराचा थोडा भाग विमानाला बाजूला ओढतो आणि विमान वळतं. या कलण्याला वैमानिक ‘बँक’ म्हणतात. पैसे ठेवायची ती बँक वेगळी बरं का!

वळण्याचं एक ठरलेलं माप आहे : सेकंदाला ३ अंश. मग पूर्ण गोल फेरीला किती वेळ लागेल? ३६० भागिले ३, म्हणजे १२० सेकंद. बरोबर २ मिनिटं. ताशी २२० किलोमीटर वेगाच्या छोट्या विमानाला त्यासाठी सुमारे १८ अंश कललं की पुरतं. पण वेग ताशी ४६० झाला तर जवळजवळ ३५ अंश कलावं लागतं आणि ताशी ८३० ला तब्बल ५१ अंश!

तुम्ही म्हणाल, मग कलू दे की! पण उंची न गमावता असं वळायचं तर पंखांना जास्त जोर लावावा लागतो आणि आतल्या माणसांना आपलं वजन वाढल्यासारखं वाटतं. तुमचं वजन ३० किलो असेल, तर २५ अंशांच्या वळणात ते ३३ किलो भासेल. ५१ अंशांना जवळजवळ ४८ आणि ६० अंशांना थेट दुप्पट! शिवाय खूप उंचावर हवा विरळ असते. तिथे पंखांकडे जादा जोर फारसा शिल्लक नसतो.

म्हणून ऑटोपायलटला मर्यादा घालून दिलेली असते. बोइंग ७३७ मध्ये वैमानिक एक कळ फिरवून १०, १५, २०, २५ किंवा ३० अंश अशी मर्यादा ठरवू शकतो. चांगला सिम्युलेटरही ती पाळतो. ताशी ८३० किलोमीटर वेगाने, २५ अंश कलून पूर्ण फेरी मारायला ५ मिनिटांहून जास्त वेळ लागतो. त्या फेरीचा व्यास होतो सुमारे २३ किलोमीटर. म्हणजे जवळजवळ चर्चगेट ते अंधेरी!

आता एक गंमत. विमान असं नीट वळत असताना तुमच्यापुढे पाण्याचा पेला असेल, तर पाणी सांडत नाही. डोळे मिटले तर आपण कललो आहोत हे कळतही नाही. पण वैमानिकासाठी ही गंमत नाही. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचं एक बोइंग ७४७ मुंबईहून दुबईला निघालं. खाली काळोखा समुद्र, क्षितिज दिसत नव्हतं. कॅप्टनसमोरचं कल दाखवणारं उपकरण बिघडलं. विमान सरळ झालं तरी ते उजवीकडे कललेलंच दाखवत राहिलं. कॅप्टनने ते सरळ करायला म्हणून विमान डावीकडे कलवलं, आणखी कलवलं. विमान वांद्र्याजवळ समुद्रात कोसळलं. २१३ माणसं गेली.

असं उपकरण कॅप्टनसमोर असतं, सहवैमानिकासमोर असतं आणि एक राखीवही असतं. ती एकमेकांशी पडताळून पाहायची, शरीराला काय वाटतं त्यावर विसंबायचं नाही, हे वैमानिक आज सिम्युलेटरमध्ये पुन्हा पुन्हा घोटतात. तिथे चुकलं तर कुणाचा जीव जात नाही. खऱ्या सिम्युलेटरचं मोल ते हेच.

आणि भाच्याचं काय झालं? त्याचा वेग होता ताशी ४६०. त्या वेगाला २५ अंशांवर वळणाची त्रिज्या साधारण ३.६ किलोमीटर भरते. विमानाला कलायलाही काही सेकंद लागतात. म्हणून काटकोनात वळायचं तर रेषेच्या सुमारे ४ किलोमीटर आधीच कळ फिरवायला हवी! चौथ्या खेपेला त्याने तसंच केलं. विमान अलगद रेषेत शिरलं. ‘‘मामा, आळशी मीच होतो. आधी विचारच केला नाही!’’

जाता जाता एक कोडं : कल तोच ठेवून विमानाचा वेग निम्मा केला, तर वळणाची त्रिज्याही निम्मी होईल का? होत नाही! ती चौपट कमी होते. मग वेग तिप्पट केला तर त्रिज्या किती पट होईल? आईबाबांनाही विचारा. बघू या, आधी कोण सांगतं!