विकायच्या घराला रंग काढायचा का?

घर विकायचं ठरलं की पहिला फोन एजंटला जातो आणि दुसरा पेंटरला. आम्हीही तेच केलं. डोंबिवलीतला आमचा वन बीएचके, तिसरा मजला, बिल्डिंग २५ वर्षांची. लग्नानंतरचं पहिलं घर, त्यामुळे जीव अडकलेला. पण ठाण्यातला नवा फ्लॅट बुक झाला होता आणि हप्त्याची तारीख डोक्यावर होती. थोडक्यात काय, घर लवकर जायला हवं होतं आणि पडेल भावात जायला नको होतं.

नवऱ्याने लगेच एक्सेल उघडलं. (आयटीवाला माणूस. भाजी आणायची तरी शीट करतो.) मॉड्युलर किचन, हॉलला फॉल्स सीलिंग, बाथरूमला नव्या टाइल्स, पूर्ण घराला रंग. बेरीज सव्वाचार लाखांवर गेली आणि दोघंही गप्प झालो.

एजंटने चहाचा घोट घेत शीटवर नजर टाकली. "ताई, नवीन माणूस आल्याआल्या ओटा तोडणार. तुमचं सव्वा लाखाचं किचन भंगारात. कशाला करताय?"

पटलं. कारण आम्हीही हे घर घेतलं तेव्हा आधीच्या मालकाच्या धडधाकट टाइल्स निव्वळ रंग आवडला नाही म्हणून फोडल्या होत्या. आपली आवड दुसऱ्याच्या गळ्यात मारायची आणि वर तिचे पैसेही मागायचे, हे जमणारं गणित नव्हतं. कडप्प्याचा ओटा तसाच राहिला.

मग करायचं काय? घर बघायला येणारा माणूस वीस मिनिटं थांबतो, आणि तेवढ्यात तो ज्या ज्या गोष्टीला हात लावतो ती चालली पाहिजे. ठिबकणारा नळ, अडकणारी स्लायडिंग खिडकी, लाथ मारल्याशिवाय न लागणारं बाल्कनीचं दार, सैल झालेला स्विचबोर्ड. एका शनिवारात हे सगळं झालं. माळा रिकामा केला, तर घर अचानक मोठं वाटायला लागलं. त्याला खर्च शून्य, भांडणं मात्र तीन.

खरी पंचाईत होती बेडरूममध्ये, कपाटाच्या मागे. हातभर रुंद ओलीचा पट्टा, पोपडे धरलेला. वरच्यांच्या बाथरूममधून झिरपत असणार, हे आम्हाला दोन वर्षं माहीत होतं. आम्ही काय केलं होतं? कपाट सरकवून पुढे लावलं होतं.

पेंटरने भिंतीवर टिचकी मारून बघितली. "ताई, खरवडून पुट्टी भरतो, वर प्रायमरचे दोन हात. पावसाळ्यापर्यंत कळणार पण नाही." महिना मार्चचा होता. मे महिन्यापर्यंत व्यवहार झाला असता, तर पुढचे फुगे आमचे नव्हतेच!

खोटं कशाला बोलू, पूर्ण एक दिवस आम्ही त्यावर सिरियसली विचार केला. मग नवऱ्याच्या वकील मित्राने झोप उडवली. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा. त्याच्या कलम ५५ प्रमाणे, विकणाऱ्याला माहीत असलेला पण घेणाऱ्याला साध्या काळजीने दिसणार नाही असा मोठा दोष सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. आणि आम्ही तर तो दोष पुट्टीखाली गाडायला निघालो होतो.

मग वरच्या काकांकडे गेलो. "आमच्याकडे सगळं कोरडं आहे हो," काका म्हणाले. अर्थातच! पाणी खाली येतं ना. सोसायटीकडे जाऊन उपयोग नव्हता. आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून किंवा बाहेरच्या कॉमन पाइपमधून गळती असेल तर खर्च सोसायटीचा, पण फ्लॅटच्या आतल्या बाथरूमची गळती ज्याची त्याने बघायची. प्लंबरने वरच्या बाथरूमच्या नहाणी ट्रॅपला बोळा कोंबून पाणी साठवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी आमचा पट्टा गडद झालेला. काकांना खाली आणून दाखवला. ते बराच वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, "पेन्शनीत बसेल एवढ्यात होईल का?" निम्मे पैसे आम्ही दिले. नियमाने द्यायची गरज नव्हती, पण घाई आमची होती.

एक मात्र कुणी आधी सांगितलं नव्हतं. गळती थांबली तरी भिंत लगेच वाळत नाही. ओल्या भिंतीवर रंग काढला की तो परत फुगतो. आमची भिंत वाळायला महिना गेला. तेव्हा घर विकायचं मनात असेल, तर सुरुवात या कामापासून करा. रंग सगळ्यात शेवटी, आणि पांढराच.

बिलंसुद्धा टाकू नका. घरात कायमची भर घालणाऱ्या कामाचा खर्च नफ्यावरचा टॅक्स काढताना वजा होतो. रंगरंगोटी आणि किरकोळ दुरुस्त्या त्यात धरत नाहीत. नवऱ्याच्या शीटमध्ये आता त्यासाठीही कॉलम आहे.

मेच्या पहिल्या रविवारी एक जोडपं आलं, आमच्याच वयाचं. सोबत मुलाची आई. दोघं मोबाइलवर फोटो काढत बसली. आई सरळ बेडरूममध्ये गेल्या आणि कपाटाच्या मागे हात घालून भिंतीवर तळवा टेकवला. माझ्या पोटात गोळाच आला. मी ओलीची सगळी हकिगत सांगितली, प्लंबरचं बिल दाखवलं. त्या म्हणाल्या, "वरच्यांना भेटता येईल का?" काका भेटले, बाथरूम दाखवलं, वर सरबतही दिलं.

घासाघीस झाली, ती ओट्यावरून. पन्नास हजार कमी केले.

ऑगस्टमध्ये, धो धो पावसात, त्या मुलीचा फोन आला. स्क्रीनवर नाव बघून छातीत धस्स झालं. तिला ओटा तोडणारा चांगला माणूस हवा होता.