‘माझ्या लॅपटॉपवर तर चालत होतं!’

गेल्या वर्षीची गोष्ट. फायनल इयरचा व्हायवा, समोर एक्स्टर्नल, बाजूला गाईड आणि टेबलावर लॅबचा पीसी. माझी मेकॅनिकलची रूममेट पेनड्राइव्ह लावते, फाइलवर डबल क्लिक करते आणि विंडोज तिलाच विचारतं, ही फाइल कशात उघडू? तासगावकडच्या बेदाणा शेडमध्ये वारा कसा खेळतो, द्राक्षं सगळीकडे सारखी का सुकत नाहीत, यावर तिने चार महिने घालवले होते. तिच्या उबंटूवर सगळं मस्त पळत होतं. लॅबच्या विंडोजवर काहीच नाही. नवीन काही टाकायचं तर अ‍ॅडमिन पासवर्ड हवा आणि तो ज्यांच्याकडे होता ते सर रजेवर. शेवटी तिने स्क्रीनशॉट दाखवले. एक्स्टर्नल म्हणाले, ‘‘हे फोटो झाले बेटा, सिम्युलेशन कुठंय?’’

रूमवर आल्यावर ती एकच वाक्य घोळवत होती, ‘‘अगं, माझ्या लॅपटॉपवर तर चालत होतं!’’

मी मास कॉमची. तेव्हा मला वाटलं, बिचारीचं नशीब. पण नंतर तिच्या मागे लागून हे प्रकरण समजून घेतलं आणि मत बदललं. एक्स्टर्नलचा प्रश्न बरोबर होता. मार्क मात्र चुकीच्या माणसाचे कापले गेले, कारण चार वर्षांत तिला हे कुणी शिकवलंच नव्हतं.

घोळ नेमका काय होता? ती वापरत होती ते ‘ओपनफोम’. हवा, पाणी, उष्णता यांचे प्रवाह कम्प्युटरवर मांडणारं हे सॉफ्टवेअर 2004 पासून मोफत आणि मुक्त आहे. ते सी प्लस प्लसमध्ये लिहिलंय आणि वाढलंय लिनक्सच्या घरात. तिने त्याला शेडच्या जाळीसाठी स्वतःचा छोटासा कोड जोडला होता. आता कोड म्हणजे माणसाला वाचता येणारा मजकूर. कंपायलर त्याचं मशीनला कळेल असं रूपांतर करतो. पण हे रूपांतर सरसकट सगळ्या कम्प्युटरसाठी होत नाही. ते ठराविक प्रोसेसर आणि ठराविक ऑपरेटिंग सिस्टिमसाठी असतं. लिनक्सच्या फाइलची बांधणी वेगळी, विंडोजची वेगळी, मॅकची तिसरीच. त्यात 2020 पासून मॅकमध्ये अ‍ॅपलचे स्वतःचे चिप आले, म्हणजे जुन्या आणि नव्या मॅकसाठीही निरनिराळ्या फाइली.

मग काय, प्रत्येक मशीनवर बसून वेगळं कंपाइल करायचं? तसंही करतात. दुसरा रस्ता म्हणजे क्रॉस-कंपायलिंग. हॉस्टेलवाल्यांना हे लगेच कळेल. आई घरच्या गॅसवर रवा भाजते, फोडणी घालते, डबा भरून देते आणि आपण रूमवर किटलीतलं उकळतं पाणी ओतून उपमा खातो. स्वयंपाक एका घरात, पण सगळा हिशेब दुसऱ्या घरातल्या किटलीचा. तसंच लिनक्सवर बसून ‘मिनजीडब्ल्यू’ नावाच्या कंपायलरने थेट विंडोजसाठीची फाइल बनवता येते. ओपनफोमची एक विंडोज आवृत्ती अशीच तयार होते. अडचण एकच. आईला तिकडे बसून उपमा चाखता येत नाही. चव बघायला डबा रूमवरच उघडावा लागतो.

आणि चव बिघडण्याची कारणं इतकी बारीक असतात की हसावं की रडावं कळत नाही. ओपनफोमच्या कोडमध्ये ‘व्हेक्टर’ नावाच्या दोन फाइली आहेत. फरक फक्त पहिल्या अक्षराचा, एकीत कॅपिटल व्ही, दुसरीत स्मॉल. लिनक्सला त्या दोन फाइली दिसतात. विंडोज आणि नेहमीच्या सेटिंगमधला मॅक दोन्ही नावं एकच समजतात. एका फोल्डरमध्ये आल्या की एक गायब! म्हणून मॅकवर ओपनफोम कंपाइल करणारे आधी कॅपिटल-स्मॉल ओळखणारी वेगळी डिस्क तयार करतात. दुसरं उदाहरण पूर्णांकाचं. सी प्लस प्लसमधला ‘लाँग’ हा प्रकार 64 बिट लिनक्सवर आठ बाइट जागा घेतो, 64 बिट विंडोजवर चारच. चार बाइटमध्ये 2,147,483,647 च्या पुढचा आकडा मावत नाही. मोजणी त्यापुढे गेली की उत्तर चुकतं आणि दर वेळी प्रोग्राम बंद पडेलच असं नाही. तो हसतमुखाने चुकीचा आकडा देऊ शकतो.

इथेच माझा मुद्दा सुरू होतो. ‘चालतंय’ आणि ‘बरोबर चालतंय’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण रसायनशास्त्रातलं आहे. रेणूंचे एनएमआरचे आकडे काढायला मदत करणारी काही पायथन स्क्रिप्ट 2014 मध्ये प्रसिद्ध झाली. 2019 मध्ये हवाई विद्यापीठातल्या संशोधकांच्या लक्षात आलं की डेटा तोच, स्क्रिप्ट तीच, पण कम्प्युटर बदलला की उत्तर बदलतंय. विंडोज 10 आणि एका जुन्या मॅकवर 173.2, त्यानंतरच्या एका मॅकवर 172.7, उबंटूवर 172.4. कारण? स्क्रिप्टने गृहीत धरलं होतं की फाइलींची यादी क्रमाने येईल. काही सिस्टिम ती क्रमाने देतात, काही देत नाहीत. क्रम चुकला की एकीची माहिती दुसरीला जोडली जायची. उपाय होता यादी आधी क्रमाने लावून घेण्याचा. बास, इतकंच! पण तोवर पाच वर्षं गेली होती आणि ती स्क्रिप्ट वापरून इतरांनी काढलेले आकडे पुन्हा तपासायची वेळ आली. ही चूक सापडली, कारण कुणीतरी तेच गणित दुसऱ्या कम्प्युटरवर करून बघितलं.

आपल्याकडे मात्र या कामाला ‘इन्स्टॉलेशन’ म्हणून बाजूला टाकतात. प्रोजेक्टच्या मार्कांच्या तक्त्यात लिटरेचर सर्व्हेला मार्क, प्रेझेंटेशनला मार्क, ब्लॅक बुकच्या बाइंडिंगकडेही लक्ष. ‘दुसऱ्या मशीनवर तेच उत्तर आलं का?’ हा रकाना कुठे आहे?

यावर दोन आक्षेप मला लगेच ऐकायला मिळाले. पहिला म्हणजे, आता विंडोजच्या आतच लिनक्स चालवता येतं, डॉकर आहे, मग हा त्रास कशाला? सोयी चांगल्याच आहेत, वापराव्यात. पण त्या नीट चालायला मशीनमध्ये व्हर्च्युअलायझेशन सुरू असावं लागतं, बऱ्यापैकी रॅम लागते. चार जीबीचा जुना पीसी आणि कुलूपबंद सेटिंग असलेल्या लॅबमध्ये ही सोय पहिल्याच पायरीवर अडते. शिवाय सगळीकडे तोच डबा पाठवला तर आतली चूकही तशीच्या तशी सगळीकडे पोहोचते. हवाईतली चूक कशी सापडली ते आठवा.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. मेकॅनिकलच्या मुलीने प्रवाह समजून घ्यायचा की कंपायलरचे फ्लॅग पाठ करायचे? वेळ तेवढाच असतो. मान्य. सगळ्यांनी क्रॉस-कंपायलिंगमध्ये मास्टर व्हावं असं मी म्हणतच नाही. पण ग्रुपमधल्या एकाने हे काम केलं तर त्याला ‘टेक्निकल हमाल’ समजू नका, त्याचे मार्क द्या. आणि प्रत्येकाला निदान इतकं तरी कळावं की आपलं उत्तर कोणत्या आवृत्तीवर, कोणत्या सिस्टिमवर आलंय.

आणखी एक गोष्ट आपण सगळे जाणतो, बोलत नाही. सीनियरच्या पेनड्राइव्हमधून येणारं क्रॅक्ड सॉफ्टवेअर. मोफत पर्याय असताना आपण चोरीचं का वापरतो? कारण ते डबल क्लिकवर चालतं. म्हणजे मुक्त सॉफ्टवेअर कितीही चांगलं असलं तरी आपल्या जुन्या विंडोज लॅपटॉपपर्यंत ते नीट पोहोचलं नाही, तर ते ज्यांच्यासाठी मोफत आहे त्यांनाच मिळत नाही. आयआयटी मुंबईच्या ‘फॉसी’ प्रकल्पाचं काम मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं. ते ओपनफोमसारखी साधनं कॉलेजांपर्यंत नेतात. सर्किटसाठीचं त्यांचं ‘ईसिम’ उबंटू आणि विंडोज दोन्हीवर मिळतं. आयआयटी मुंबईच्याच ‘स्पोकन ट्युटोरियल’मध्ये मराठीतूनही धडे आहेत. हा माल आपल्या दारात आहे. लॅबच्या पीसीवर तो टाकायला लागतो फक्त अ‍ॅडमिन पासवर्ड आणि एक दुपार.

डिपार्टमेंटकडे मागणी एवढीच. सबमिशनच्या पंधरा दिवस आधी प्रत्येक प्रोजेक्ट लॅबच्या मशीनवर चालवून बघायचा एक दिवस ठेवा. आकडे दशांशानंतर कुठेतरी लांब हलले तर ठीक, प्रोसेसर आणि कंपायलर बदलला की तेवढं होतं. पण पुढचेच आकडे हलले तर गाईडसोबत बसून कारण शोधा. त्या शोधाला दहा मार्क ठेवा. मुलं आपोआप शिकतील.

आणि डिपार्टमेंटची वाट बघत बसू नका. ओपनफोम शिकणारा जवळजवळ प्रत्येक जण ‘कॅव्हिटी’ नावाच्या उदाहरणापासून सुरुवात करतो. 20 बाय 20, म्हणजे 400 खणांची जाळी. कुठल्याही लॅपटॉपवर ते झटपट सुटतं. ते आधी तुमच्या मशीनवर सोडवा, मग शेजारच्या रूममधल्या लॅपटॉपवर आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवा.

माझ्या रूममेटने निकालानंतर बसून तिचा कोड विंडोजसाठी कंपाइल केला आणि सोबत दोन पानांची सूचना लिहिली. त्यात पहिली ओळ आहे, ‘हे मी स्वतःच्या लॅपटॉपशिवाय आणखी दोन मशीनवर चालवून बघितलं आहे.’ यंदा तिच्या ज्युनियरने ते लॅबच्या पीसीवर चालवलं. पेनड्राइव्ह लावला आणि शेडमधला वारा स्क्रीनवर फिरला. तिला या कामाचा एकही मार्क मिळालेला नाही.